मदत हवी आहे : गवत बहुवर्षायू (अनेक वर्षे जगणारे) आहे हे वाळलेल्या नमुन्यावरून कसे ठरवावे?

शंकेखोर : एका गवताचा दाबून वाळवलेला नमुना समोर आहे आणि आजच त्याचे नाव लिहायचे आहे. खोडाच्या टोकाशी एकाच जागेवरून चार कणिशे फुटली आहेत. ओळख-तक्त्यातला पहिलाच प्रश्न ‘वर्षायू की बहुवर्षायू’ असा असल्याने गाडी तिथेच अडली आहे. कृपया नेमके उत्तर द्यावे. गवतांचे महत्त्व मला ठाऊक आहे.

पानवेल : खोड त्रिकोणी आहे का? असल्यास ते मोथ्याच्या कुळातले असण्याची शक्यता अधिक.

शंकेखोर : गोल आहे. पेरे स्पष्ट दिसतात आणि खालच्या पेरांना मुळेही फुटली आहेत.

हिरवळ : मग प्रश्नच मिटला. पेरापेराला मुळे म्हणजे बहुवर्षायू, आणि चार कणिशे म्हणजे हरळी.

भिंगवाला : इतकी घाई नको. डिजिटेरिया आणि डॅक्टिलॉक्टेनियम या गवतांच्या प्रजातींतल्या (जातींच्या गटांतल्या) वर्षायू जातींतही जमिनीला टेकलेली पेरे मुळे धरतात. खरा पुरावा जमिनीखाली असतो : मूलक्षोडाला (जमिनीखालच्या आडव्या खोडाला) पेरे आणि त्यांवर खवल्यांसारखी पाने असतात, मुळाला यांतले काहीच नसते. नमुना समूळ काढला होता का?

मशागत : हरळी घालवायची असल्यास केवळ नांगरू नये, पेर असलेला प्रत्येक तुकडा पुन्हा फुटतो. तुकडे वेचून उन्हात वाळवावेत.

शंकेखोर : मला काहीही घालवायचे नाही. नमुना वरून खुडलेला आहे आणि दुसरा मिळणार नाही.

भिंगवाला : तर तो प्रश्न बाजूला ठेवून कणिशके (कणिशावरचे फुलांचे छोटे घटक) पाहा. हरळीत ती 2 ते 3 मिमी लांब, बिनदेठाची, कणिशाच्या एकाच बाजूला दोन ओळींत बसलेली असतात आणि प्रत्येकात सहसा एकच फूल असते. डिजिटेरियात ती बहुधा जोडीने येतात, एकाचा देठ आखूड व दुसऱ्याचा लांब. डॅक्टिलॉक्टेनियमच्या कणिशकात अनेक फुले असतात, शिवाय कणिशाचा अक्ष टोकाशी उघडा, अणकुचीदार राहतो.

हिरवळ : एवढा खटाटोप कशाला? पान खोडाला वेढणाऱ्या आवरणापासून हलकेच मागे वाकवून जिव्हिका (त्या सांध्यावरची आतली बारीक पट्टी) पाहावी. हरळीत केसांची बारीक झालर दिसते, डिजिटेरियात पातळ पापुद्रा.

भिंगवाला : डिजिटेरिया त्याने वगळता येईल, पण डॅक्टिलॉक्टेनियमच्या जिव्हिकेची कडाही केसाळ असते, तिचे काय?

शंकेखोर : कणिशकांना देठ नाही, फूल एकच, जिव्हिकेवर झालर, अक्षाचे टोक उघडे नाही. ‘सायनोडॉन डॅक्टिलॉन’ (हरळीचे शास्त्रीय नाव) लिहू का?

पानवेल : लिहा, पण नावापुढे कंसात लिनियस आणि मग पर्सून असा नाव देणाऱ्या शास्त्रज्ञांचा क्रम हवा. लिनियसने 1753 मध्ये ही जाती पॅनिकम प्रजातीत ठेवली होती. पर्सूनने 1805 मध्ये ती सायनोडॉनमध्ये आणली.

भिंगवाला : सायनोडॉन निश्चित, जातीबद्दल मात्र मी थांबेन. याच प्रजातीतल्या काही जातींना मूलक्षोड नसतेच, आणि नेमका तोच भाग तुमच्या नमुन्यात नाही. ‘जमिनीखालचा भाग उपलब्ध नाही’ अशी नोंद नावाखाली अवश्य करावी.