मदत हवी आहे: इन्फ्रारेड चित्रातला पांढरा पट्टा शीत आघाडीचा की नुसता सिरस ढगांचा?

प्रश्न (ठाणे, घोडबंदर रोड): जानेवारीत इन्सॅट या हवामान उपग्रहाच्या इन्फ्रारेड चित्रात अरबी समुद्रातून गुजरातवरून ईशान्येकडे गेलेला लांबलचक पांढरा पट्टा दिसतो. व्हॉट्सॲपवर लगेच 'शीत आघाडी (थंड हवा गरम हवेला ढकलत पुढे सरकते ती सीमा) आली' सुरू होतं. इथे वर पाहावं तर नुसतं दुधाळ आकाश. ओळखायचं कसं?

उत्तर १: बहुतेक वेळा तो जेट प्रवाहाचा, म्हणजे खूप उंचावरच्या वेगवान वाऱ्याच्या पट्ट्याचा, सिरस असतो. इन्फ्रारेडमध्ये पांढरं म्हणजे थंड, जाड नव्हे. उंचावरचा विरळ सिरसही तिथे ठसठशीत दिसतो, तापमानानुसार रंगवलेल्या चित्रात तर थेट गडगडाटी ढग वाटतो. म्हणून त्याच वेळेचं व्हिजिबल (साध्या उजेडातलं) चित्र शेजारी लावा. ०३३० यूटीसीचं घ्या, म्हणजे आपले सकाळचे नऊ. पट्ट्यातून खालची जमीन, किनारा दिसला तर सिरस. उत्तरेकडची कडा सुरीने कापल्यासारखी आणि दक्षिणेची विस्कटलेली, हीसुद्धा जेटचीच खूण. आघाडीचा पट्टा दोन्ही चित्रांत दाट असतो, न्यूनदाबाच्या केंद्राकडे स्वल्पविरामासारखा वळतो आणि समुद्रावर असेल तर मागे थंड हवेत फुटक्या क्युम्युलस (कापसाच्या पुंजक्यांसारख्या) ढगांची जाळी दिसते.

वॉटर व्हेपर चित्रातल्या (वरच्या हवेतली वाफ दाखवणाऱ्या; काळं म्हणजे कोरडं) काळ्या पट्टीवर एकट्या विसंबू नका. आघाडीमागे कोरडी हवा उतरते हे खरं, पण जेटच्या उत्तरेलाही तशीच काळी पट्टी असते.

उत्तर २ (ऐरोली): जमिनीवरच्या नोंदीही जुळवा. आपल्याकडे दुपारी खारा वारा शिरला की वारा पश्चिमेचा होतो, पारा उतरतो, आणि लोक त्यालाच आघाडी म्हणतात! दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं दव होऊ लागतं) बघा. खाऱ्या वाऱ्यात तो चढतो. शीत आघाडीमागे साधारणपणे उतरतो आणि हवेचा दाब वाढत जातो. आणि हो, ढग नकाशावर नेमका बसवताना थोडी सूट ठेवा. विषुववृत्तावर ७४ अंश पूर्वेला असलेल्या उपग्रहातून तिरकं पाहिल्यामुळे ठाण्यावरचा १२ किमी उंचीचा ढगमाथा चार-पाच किमी उत्तरेला सरकलेला दिसतो.

प्रश्नकर्ता: मग खरी आघाडी बघून सराव कुठे करायचा?

उत्तर १: इन्सॅटचं पृथ्वीच्या पूर्ण चकतीचं चित्र उघडा आणि दक्षिण हिंदी महासागरात ३५ ते ४५ अंश दक्षिणेच्या पट्ट्यात शोधा. जून ते सप्टेंबरमध्ये तिथे एकामागून एक आघाड्या सरकत असतात. फक्त तिथे स्वल्पविराम उलटा: शेपूट केंद्रापासून वायव्येकडे जातं. आपल्या गोलार्धात पश्चिमी विक्षोभ (हिवाळ्यात पश्चिमेकडून येणारी न्यूनदाबाची प्रणाली) बघताना ते नैर्ऋत्येकडे शोधा.