सील परफॉर्मन्स की आय४ ई-ड्राइव्ह४०: पिकअपचा फरक रस्त्यावर किती उरतो?

वरसगावकर
इलेक्ट्रिक सेडान घ्यायचीय. यादीत दोनच नावं उरलीत: बीवायडी सील परफॉर्मन्स आणि बीएमडब्ल्यू आय४ ई-ड्राइव्ह४०. ताशी ०-१०० किमी गाठायला कंपनीचे आकडे अनुक्रमे ३.८ आणि ५.७ सेकंद. वापर पुणे-मुंबई आणि अधूनमधून समृद्धीवरून नागपूर, चार माणसं आणि सामान धरून. हा १.९ सेकंदांचा फरक ओव्हरटेकला खरंच जाणवतो का? की सीलचीच प्रीमियम (५.९) घेऊन पैसे वाचवावेत? टेस्ट ड्राइव्हला काय तपासू तेही सांगा. रेंज आणि सर्व्हिसवर वेगळे धागे आहेत, इथे फक्त पिकअप.

किलोवॅट
जाणवतो, पण सिग्नलवर जेवढा जाणवतो तेवढा ओव्हरटेकला नाही.

सील परफॉर्मन्सला दोन मोटर, ५३० पीएस (अश्वशक्ती), टॉर्क म्हणजे चाक फिरवणारा जोर ६७० न्यूटन मीटर. आय४ ला फक्त मागच्या चाकांवर ३४० पीएस, ४३० न्यूटन मीटर. उभ्या गाडीतून निघताना पहिली मर्यादा येते ती टायरच्या पकडीची. चारही चाकं ओढत असतील तर ती मर्यादा बरीच वर जाते. ३.८ मधली निम्मी जादू इथेच आहे.

आता ५३० चा हिशेब. ड्रायव्हर धरून सील जवळपास २२६० किलो. १०० च्या वेगाला तिच्यात सुमारे ८७० किलोज्यूल ऊर्जा असते. त्याला ३.८ ने भागा, सरासरी ताकद येते २३० किलोवॅटच्या आसपास, म्हणजे ३१० पीएस. सुरुवातीला टायर झेपवतील तेवढीच ताकद वापरली जाते, पूर्ण ५३० नंतरच कामाला येतात.

तुमच्या कामाचा आकडा ६०-१००. वारा आणि घर्षण सोडून, पूर्ण ताकद सलग मिळते असं धरलं तर: सील परफॉर्मन्स १.४ सेकंद, आय४ २.१, सील प्रीमियम (३१३ पीएस) २.३. रस्त्यावर तिघींनाही यापेक्षा जास्त लागेल, पण क्रम हाच राहील. म्हणजे १.९ चा फरक ०.७ वर आला. आणि प्रीमियम विरुद्ध आय४ म्हणाल तर डोळे बांधून बसवलं तर कुणाला ओळखता येणार नाही.

स्टॉपवॉच
वरच्या हिशेबाला हरकत नाही. फक्त यूट्यूबवरचे आकडे यात मिसळू नका. अमेरिकेतले बरेच टेस्टर पहिला एक फूट मोजतच नाहीत, गाडी फूटभर सरकली की घड्याळ सुरू. ३.८ वाल्या गाडीला त्यात सुमारे ०.३ सेकंद फुकट मिळतात आणि घड्याळ सुरू होतं तेव्हा ती ताशी साताठ किमीवर असते. शिवाय त्यांचं ०-६० मैलांत असतं, म्हणजे ९६.६ किमीपर्यंतच. तिकडचे ३.५ आणि इथले ३.८ एकाच गाडीचे असू शकतात.

डॅशबोर्डचा व्हिडिओ लावून मोजणाऱ्यांचं तर विचारूच नका. स्पीडोमीटर कमी दाखवून चालत नाही, म्हणून कंपन्या तो थोडा जास्तच दाखवणारा ठेवतात. काट्यावर १०० दिसले तेव्हा गाडी ९६-९७ ला असणं अगदी नेहमीचं. मोबाईलचा जीपीएसही बहुधा सेकंदाला एकदाच नोंद घेतो. अर्ध्या सेकंदाचा फरक त्यात काय कपाळ दिसणार! निदान १० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला दहा नोंदी घेणारा जीपीएस बॉक्स हवा. एकाच रस्त्यावर जाता-येता दोन्ही बाजूंनी मोजून सरासरी काढायची, कारण नुसत्या १ टक्का चढाने आय४ चा वेळ ०.१ सेकंदाने वाढतो.

वरसगावकर
धन्यवाद. चार माणसं, डिकी भरलेली आणि बॅटरी २० टक्क्यांवर आली असेल तर?

किलोवॅट
तीन जास्तीची माणसं आणि सामान मिळून २७० किलो धरा. आय४ चं वजन त्याने १२-१३ टक्के वाढतं आणि वेळही जवळपास तेवढाच: ५.७ चे ६.४. सील परफॉर्मन्सला सुरुवातीला ताकदीची कमतरता नसते आणि वजन वाढलं की टायरची पकडही वाढते, त्यामुळे तिला निघताना फटका कमी. भरल्या गाडीत तिचा वरचष्मा उलट वाढतो.

बॅटरी उतरली की सेलचं व्होल्टेज पडतं. जोरात करंट ओढला की आणखी पडतं, मग बॅटरी मॅनेजमेंट करंटच आवरतं. पेडल पूर्ण दाबलेलं आणि गाडी मात्र सुस्त, हे त्यातूनच. सीलमध्ये एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) सेल आहेत. मधल्या चार्जला त्यांचं व्होल्टेज जवळपास सपाट असतं, तळाशी मात्र ते एकदम ढासळतं. थंडीत आतला रोध वाढतो म्हणून विदर्भातल्या डिसेंबरच्या पहाटे, रात्रभर उघड्यावर उभी राहिलेली गाडी पहिले काही किलोमीटर तिच्या कागदावरच्या आकड्याशी बांधील नसते. आय४ चे सेल वेगळ्या रसायनाचे असले तरी थंडीचा नियम तिलाही लागू.

उन्हाळ्यात उलटं: लागोपाठ जोरात पळवलं की मोटर आणि बॅटरी तापतात आणि ताकद आपोआप कमी केली जाते. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीतला आकडा पहिलीपेक्षा जास्त खरा समजा.

घाटमाथा
पावसाचं कुणी बोललं नाही. ताम्हिणीत जुलैमध्ये वळणातून बाहेर पडताना पेडल दाबलं की आय४ चं ट्रॅक्शन कंट्रोल मागच्या चाकांची ताकद कापतं. सील परफॉर्मन्स तीच ताकद चार चाकांत वाटते. माझ्या मते त्या जादा मोटरचा खरा उपयोग हा, ३.८ नव्हे.

टेस्ट ड्राइव्हसाठी: दोन्ही गाड्या ६० ते ८० टक्के चार्जवर मागा, टायरची हवा दारावरच्या पट्टीप्रमाणे थंड असताना भरलेली हवी, दोन्ही स्पोर्ट मोडवर. तुमची चार माणसं सोबत न्याच. मग रिकाम्या सरळ रस्त्यावर ३०-७० आणि ६०-१०० एवढंच बघा. पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर १०० ची मर्यादा आहे, त्यापुढे सेल्समनच्या आग्रहाला बळी पडू नका. आणि मागे बसलेल्यांना विचारा. अर्ध्या दाबाला गाडी किती हिसका देते यावर घरातली शांतता अवलंबून असते.

वरसगावकर
म्हणजे निव्वळ पिकअपसाठी आय४ घेण्यात अर्थ नाही, असंच ना?

स्टॉपवॉच
हो, अर्थ नाही. २०२४ मध्ये सील परफॉर्मन्स ५३ लाखांना आली, आय४ त्याआधी २०२२ मध्ये ६९.९० ला, दोन्ही एक्स-शोरूम. आय४ घ्यायची तर स्टिअरिंग आणि आतल्या कामासाठी घ्या. आधी प्रीमियमच भरल्या गाडीने चालवून बघा, तिथेच समाधान झालं तर पुढचा प्रश्न मिटला.

घाटमाथा
परफॉर्मन्स घेतलीत तर एक सांगून ठेवतो. टायर २३५/४५ आर१९ आहेत. बदलताना त्याच मापाचा पण एक्सएल (जादा भाराची) खूण नसलेला स्वस्त टायर कुणी गळ्यात मारला तर घेऊ नका. साधा टायर कमी भार पेलतो, आणि ही गाडी रिकामीच २१८५ किलोची आहे.