औषध लावलेली जाळी फुफ्फुसात: मामांसाठी करावं का?

रंकाळाकाठ: मामा ६८ वर्षांचे. आयुष्य शिरोलीच्या फाउंड्रीत गेलं, वर बिड्या. एम्फिसीमा, म्हणजे फुफ्फुसांचा आजार, दोन्हीकडं सारखाच पसरलाय. रंकाळ्याला चक्कर मारणारा माणूस आता बाथरूममधनं कॉटपर्यंत येताना चौकट धरून थांबतो, ओठांचा चंबू करून श्वास सोडतो. पाहुण्यांनी सांगितलं, हृदयात बसवतात तशी औषधाची जाळी फुफ्फुसातही बसवतात, कोंडलेली हवा निघून जाते. मामांना लगेच पटलं. म्हणाले, "साच्याला आम्ही व्हेंट मारायचो की, गॅस जायला. तसंच हे." माझं मत: परदेशात का होईना, रान विकून करावं.

उद्यमनगरी: रान विकू नका. एम्फिसीमात वायुकोशांच्या भिंती झिजून फाटतात, श्वास सोडताना बारीक नळ्या मिटतात आणि हवा आत अडकते. म्हणून दुर्बिणीतनं मोठ्या नळीच्या भिंतीला भोक पाडून त्यात जाळी बसवायची, अशी ही कल्पना. पण भोक म्हणजे शरीराच्या लेखी जखम, ते भरायलाच बघतं. ते भरू नये म्हणून जाळीला पॅक्लिटॅक्सेल, म्हणजे कॅन्सरवरचंच औषध. २०११ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मोठी चाचणी आली. ३१५ रुग्ण, २०८ जणांना जाळ्या, १०७ जणांना नुसतं प्रोसिजरचं नाटक. सहा महिन्यांनी श्वासाची मोजणी आणि धाप, दोन्हींत ठरवल्याइतका फरक पडलेले किती? २०८ पैकी ३० आणि नाटकवाल्यांत १०७ पैकी १२. म्हणजे १४ टक्के आणि ११ टक्के.

गुऱ्हाळवाला: आकडे फेकणं सोपं असतंय. त्याच चाचणीत सुरुवातीला फुफ्फुसं हलकी झाली होती, ते का सांगत नाही? म्हणजे तत्त्व बरोबर, टिकाव कमी. हृदयातल्या साध्या जाळ्याही बुजायच्याच. मग औषधाच्या आल्या. याच पॅक्लिटॅक्सेलच्या जाळीला अमेरिकेत २००४ मध्ये मान्यता मिळाली. तेव्हा 'जमत नाही' म्हणून सगळे घरी बसले असते तर? माझ्या आईनं चुलीपुढं फुफ्फुसं जाळली. तिला एक महिना जरी सरळ झोपता आलं असतं, तरी मी दिलं असतं.

उद्यमनगरी: आईबद्दल वाईट वाटलं, खरंच. पण रक्तवाहिनी ही मुळातच नळी, तिला उघडी ठेवायची असते. इथं शरीरात नसलेलं दार पाडायचं आणि वर कफाचा मारा. एका महिन्यासाठी रान जात असेल तर मामा स्वतःच नको म्हणतील.

पंचगंगा_नर्स: दोघांनीही श्वासनळ्यांत बसवायच्या झडपांचं नाव काढलं नाही. २०१८ पासून अमेरिकेत त्यांना मान्यता आहे. तिथं उलटं गणित: खराब भागात हवा जाणंच बंद करायचं, म्हणजे तो आकसतो. पण शेजारच्या भागातनं हवा झिरपत असेल तर उपयोग नाही आणि फुफ्फुसाला छिद्र पडून छातीत हवा साठायचा धोका मोठा. सीटी आणि तपासण्या झाल्याशिवाय कुणालाच सांगता येत नाही. तोवर इनहेलर नीट ओढतात का, ते समोर बसून बघा. माझ्याकडं येणारे निम्मे लोक औषध जिभेवरच मारतात.

रंकाळाकाठ: मामांना सगळं वाचून दाखवलं. बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "व्हेंट बुजला की कास्टिंग स्क्रॅपच." सोमवारी सीटीची सीडी घेऊन डॉक्टरांकडं जातोय. रानाचा सौदा थांबवलाय. गुऱ्हाळवाले, तुमची सरळ झोपायची गोष्ट मात्र डोक्यातनं जात नाही. मामाही तीन उशा लावूनच झोपतात.