धामण विषारी कशी काय? (विधाने-निष्कर्ष, मदत हवी)

औशाची_पोरगी

राज्यसेवा पूर्वच्या पेपर २ ची तयारी चालू आहे. उतारे जमतात, गणितही बरं आहे. विधाने-निष्कर्ष आले की मात्र दर सरावाला दोन-तीन जातातच. पेपर नुसता पात्रतेचा आहे, ३३ टक्के पुरतात, हे मलाही कळतं. पण अडीच गुणांचा प्रश्न तर जातोच, वर पाव भाग कापला जातो, आणि आपलं काय चुकलं तेच कळत नाही. राग त्याचा येतो.

काल अभ्यासिकेत चुकलेले दोन:

१) सर्व साप विषारी आहेत. धामण साप आहे. निष्कर्ष: धामण विषारी आहे.

मी "निघत नाही" लिहिलं. उत्तरपत्रिका म्हणते "निघतो". आमच्या रानात धामण दिसली तर आण्णा कुणाला काठी उचलू देत नाहीत. उंदीर खाते, राहू दे म्हणतात. लहानपणापासून बघितलेली गोष्ट पेपरात उलटी कशी लिहू?

२) सर्व पेन पेन्सिली आहेत. काही पेन्सिली खोडरबर आहेत. निष्कर्ष: (अ) काही पेन खोडरबर आहेत. (ब) एकही पेन खोडरबर नाही.

मी "दोन्ही निघत नाहीत" लिहिलं. उत्तर आहे "अ किंवा ब". हे तर डोक्यावरून गेलं.

कॅशकाउंटर_४

दुसऱ्याचं मी सांगतो. बँकेच्या परीक्षा तीनदा दिल्यात, हा प्रश्न झोपेत सोडवतो.

कच्च्या कागदावर पेन्सिलींचं मोठं वर्तुळ काढ, त्यात पेनचं छोटं. आता खोडरबरचं वर्तुळ पेन्सिलींना कुठेतरी छेदलं पाहिजे. कुठे, ते सांगितलेलं नाही. पेनला लागूनही जाईल, पेनला न शिवताही जाईल. म्हणजे अ एकटा पक्का नाही आणि ब एकटाही नाही, इथपर्यंत तुझं बरोबर. पण वर्तुळ पेनला शिवेल किंवा शिवणार नाही, तिसरं काय होणार? दोघांपैकी एक खरं ठरणारच. म्हणून "अ किंवा ब".

"काही आहेत" आणि "एकही नाही" अशी जोडी दिसली, दोन्हीत तीच दोन नावं असली आणि दोन्ही एकेकटी सिद्ध होत नसली, की हेच उत्तर. "सर्व आहेत" आणि "काही नाहीत" हीसुद्धा तशीच जोडी. मात्र "सर्व आहेत" आणि "एकही नाही" दिसलं तर फसू नकोस. अर्धे असले तर दोन्ही खोटी पडतात. मी एकदा तिथेच आपटलोय.

तर्कशास्त्र_मास्तर

अकरावी-बारावीला तर्कशास्त्र शिकवण्यात २६ वर्षं गेली. वर्गात दर वर्षी एक तरी धामण निघायचीच.

पोरी, तुझे आण्णा बरोबर आहेत आणि उत्तरपत्रिकाही बरोबर आहे. "सर्व साप विषारी" हे विधान धादांत खोटं आहे. पण ते खरं आहे का, हे तुला कुणी विचारलेलंच नाही. खरं धरून चाललो तर पुढे काय मानावं लागेल, एवढंच विचारलंय. हिशेबात आकडाच चुकीचा दिला तरी बेरीज बरोबर येऊ शकते, तसं.

धामणीपेक्षा मला भीती नागाची वाटते. हे बघ: सर्व साप सरपटणारे प्राणी आहेत. नाग सरपटणारा प्राणी आहे. म्हणून नाग साप आहे. तिन्ही वाक्यं खरी! इथे वर्गातले निम्मे हात "निघतो" म्हणून वर यायचे. मग मी नाग पुसून तिथे पाल लिहायचो. सर्व साप सरपटणारे, पाल सरपटणारी, म्हणून पाल साप. हात पटापट खाली. साचा तोच, फक्त प्राणी बदलला. ज्या साच्यातून पालीचा साप होतो, त्यातून नाग बरोबर निघाला तो योगायोगाने. शंका आली की अशी एखादी पाल सोडून बघायची.

आपल्या नैयायिकांनीही, म्हणजे न्यायदर्शनाच्या जुन्या तर्कपंडितांनीही, हेच केलं होतं. धूर दिसला तर आग आहे, हे त्यांना मान्य. आग आहे म्हणून धूर असणारच, हे अमान्य. का, तर तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा. चुलीतल्या फुललेल्या निखाऱ्यावर भाकरी भाजताना कुठे धूर असतो?

आता दोन शब्द जपून वाच. पहिला "काही". घरात "काही पोळ्या करपल्या" म्हटलं की बाकीच्या बऱ्या आहेत असं आपण धरतो. पेपरात तसं धरायचं नाही, "काही" म्हणजे निदान एक. सगळ्या करपल्या असल्या तरी वाक्य खरंच. दुसरा "च". "पदवीधरच अर्ज करू शकतात" यावरून प्रत्येक अर्जदार पदवीधर, एवढं निघतं. प्रत्येक पदवीधराला अर्ज करता येईल असं नाही, वयाची अटही असू शकते. "च" आला की वाक्य उलटं फिरवून वाचायचं.

उगाच_शंका

मास्तर, एक खुसपट. "मोबाईल वाजलेल्या सर्वांना ५० रुपये दंड झाला." यावरून "दंड झालेल्यांपैकी काहींचा मोबाईल वाजला होता" हे निघतं का? पुस्तकं हो म्हणतात. पण वाजलाच नसेल कुणाचा तर?

तर्कशास्त्र_मास्तर

खुसपट नाही, मोठं भांडण आहे ते. ॲरिस्टॉटलच्या परंपरेत निघतं, तिथे ज्यांच्याबद्दल बोलतोय तो गट रिकामा नाही, निदान एक तरी त्यात आहे, असं गृहीत असतं. एकोणिसाव्या शतकात जॉर्ज बूल या गणितज्ञानंतरच्या तर्कशास्त्राने ते नाकारलं. परीक्षावाले जुन्या बाजूचे आहेत. तिथे "निघतं" लिहा आणि पुढचा प्रश्न घ्या. भांडायचं असेल तर इथे या.

औशाची_पोरगी

सर, पाल वापरून काल चुकलेले सगळे परत सोडवले. एकच अडला, तोही "च" मुळे. आता नीट बसलं.

अभ्यासिकेच्या दारावर बोर्ड आहे, "ओळखपत्र असणाऱ्यांनाच प्रवेश". मागच्या महिन्यात ओळखपत्र दाखवूनही मला परत पाठवलं, फी थकली होती म्हणून. मी दारात भांडले, "बोर्डावर लिहिलंय ना!" काल परत वाचला. तसं लिहिलेलंच नाही हो.

तर्कशास्त्र_मास्तर

फी भरलीस का?