पद्मिनीत एमपीएफआय इंजिन: सर्ज टँक लावावा की पंप टाकीतच टाकावा?

जुनी_चाकं (धागाकर्ता):
प्रीमियर पद्मिनीत मारुती जिप्सी किंगचं १३०० सीसी, १६ व्हॉल्व्ह एमपीएफआय (प्रत्येक सिलिंडरला वेगळ्या इंजेक्टरने पेट्रोल देणारं) इंजिन बसवायचं काम हल्ली बरेच जण काढतात. इंजिन मुळात गाडीच्या लांबीत बसणारं, मागच्या चाकांना ताकद देणारं, त्यामुळे माउंटिंगचं जमून जातं. घोळ होतो पेट्रोलच्या लाइनमध्ये. कार्ब्युरेटरला पाव बार प्रेशर पुरायचं, इंजेक्टरच्या रेलला (सगळ्या इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीला) तीन बारच्या आसपास लागतं. शिवाय जुन्या टाकीत पंपाभोवती पेट्रोल धरून ठेवणारं भांडं नसतं. टाकी पाववर आली आणि घाटात लांब वळण आलं की पेट्रोल एका अंगाला सरकतं आणि सक्शनला हवा लागते. कार्ब्युरेटरच्या फ्लोट चेंबरात थोडा साठा असतो, तो तेवढा वेळ निभावून नेतो. इंजेक्शनमध्ये तसा साठा नाही. पंपात हवा शिरली की रेलचं प्रेशर कोसळतं आणि गाडी झटके मारते.

माझं ठाम मत: मूळ टाकी कापू नका, बाहेर सर्ज टँक, म्हणजे पंपासाठी पेट्रोलचा साठा धरणारं छोटं भांडं, लावा. टाकीतून कमी प्रेशरचा इलेक्ट्रिक पंप, तिथून दीड लिटरचं उभं भांडं. भांड्याच्या तळातून १०० मायक्रॉनचा फिल्टर, मग हाय प्रेशर पंप, त्यापुढे १० मायक्रॉनचा फिल्टर, मग रेल. रेलचं प्रेशर राखणाऱ्या रेग्युलेटरचा रिटर्न, म्हणजे उरलेलं पेट्रोल, भांड्यात. भांड्याच्या माथ्यावरून ओव्हरफ्लो टाकीत, आणि त्या नळीत कुठेही अडथळा नको, नाहीतर हवा बाहेर पडत नाही. उद्या गाडी मूळ रूपात आणायची म्हटली तर चार बोल्ट काढले की झालं.

पाना_बारा:
पूर्ण असहमत. जॉइंट मोजा. टाकीचा आउटलेट, पहिल्या पंपाचे दोन, भांड्याचे दोन, फिल्टरचे दोन, दुसऱ्या पंपाचा इनलेट. हाय प्रेशर लाइन सुरू व्हायच्या आधीच आठ. प्रत्येक जॉइंट ही गळतीची जागा, आणि बहुतेक लोक हा पसारा डिकीत मांडतात. मागच्या सीटमागे जाड पत्र्याची सीलबंद भिंत नसते, म्हणजे वाफ थेट केबिनमध्ये.

दुसरं, उष्णता. बाजारात सरसकट ताशी २५५ लिटरचा पंप गळ्यात मारतात. आयडलिंगला इंजिन ताशी एखाद लिटर पितं. बाकी सगळं बॉनेटखालून तापून परत येतं. दीड लिटरचं भांडं म्हणजे तेच पेट्रोल दर वीस-एकवीस सेकंदांनी एक फेरी मारतं. मे महिन्यात ट्रॅफिकमध्ये अर्धा तास उभे राहा, भांड्यात वाफ धरलीच म्हणून समजा. मग हाय प्रेशर पंप ओरडायला लागतो.

पंप टाकीत, भांड्यासकट मोड्यूल. पेट्रोल वर ओढावं लागत नाही, आवाज कमी, जॉइंट दोन-तीन.

सरळ_हिशोब:
उष्णतेचा मुद्दा बरोबर, पण दोष भांड्याचा नाही, पंपाच्या मापाचा आहे. ८० अश्वशक्तीला फुल लोडवर प्रत्येक अश्वशक्तीमागे ताशी ३०० ग्रॅम धरा. २४ किलो, म्हणजे साधारण ३२ लिटर. ई२० साठी (२० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी) थोडं वाढवा, तीसेक टक्के राखीव ठेवा, तरी ४५ च्या वर जात नाही. तीन बारवर ताशी ८०-९० लिटर देणारा पंप भरपूर झाला. २५५ चा पंप हा त्या पैशात विकत घेतलेला हीटर आहे.

आणि रिटर्न भांड्यात सोडला तर पहिल्या पंपाला फक्त इंजिन पितं तेवढंच पुरवायचं असतं. कार्ब्युरेटरचा ताशी १०० लिटरचा साधा इलेक्ट्रिक पंपही चालतो, आणि जास्तीचं ओव्हरफ्लोतून टाकीत जातं, त्यामुळे भांड्यातलं पेट्रोल सतत बदलत राहतं. रिटर्न थेट टाकीत नेला तर मात्र पहिला पंप दुसऱ्याइतकाच मोठा लागतो. हे न बघता जोडलं की भांडं रिकामं होतं आणि लोक ईसीयूला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) दोष देतात.

पाना_बारा:
हिशोब मान्य. पण ९० चा पंप टाकीतही बसतो, मग भांडं बाहेर कशाला?

जुनी_चाकं:
कारण टाकी कापावी लागते! पेट्रोलची रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोकादायक. सांध्यांत आणि गंजाच्या पापुद्र्यात पेट्रोल मुरलेलं असतं, ग्राइंडरची एक ठिणगी पुरे. पाण्याने विसळली म्हणजे ती निर्धोक झाली असं नव्हे.

पाना_बारा:
जुनी टाकी कापा असं म्हटलंच नाही. मूळ टाकी काढून कोरडी करून ठेवून द्या. त्याच मापाची नवी बनवून घ्या, बॅफल (पेट्रोल सरकू न देणारे आतले पत्रे) आणि फ्लँज (पंप बसवायची कडा) आधीच टाकून. खर्च येतो, पण जुनी टाकी तशीही आतून गंजलेली असते. इथेनॉल पाणी ओढतं, वर्षानुवर्षांचा गाळ सोडवतं, आणि तो गाळ तुमच्या १०० मायक्रॉनच्या फिल्टरमध्ये जाऊन बसतो. फिल्टर चोंदला की पंपाच्या इनलेटला वाफ धरते. दोष पुन्हा उष्णतेवर.

लाल_रबर:
दोन्ही बाजू ज्यावर गप्प आहेत ते होजचं, म्हणजे रबरी नळीचं. टपरीवर ‘पेट्रोल पाइप’ म्हणून मिळतो तो कार्ब्युरेटरचा. अंगावर ‘एसएई जे३० आर७’ छापलेलं असेल तर तो ५० पीएसआयचा, म्हणजे जेमतेम ३.४ बार. काठावर चालवू नका. हाय प्रेशरला त्याच मानकाचा आर९च घ्या, ई२०लाही टिकतो. पण टाकीच्या आत आर९ नको, बाहेरचं आवरण पेट्रोलमध्ये फुगतं. बुडून राहणाऱ्या तुकड्याला आर१०. क्लिप गोल काठाची, नटबोल्टवाली. खाचांची जुबिली क्लिप रबर कापते.

सर्किटवेडा:
वायरिंगही लिहा. पंपाला जुन्या इग्निशन स्विचवरून करंट देऊ नका. बॅटरीवरून १५ अँपिअरचा फ्यूज, रिले, २.५ स्क्वेअर एमएमची वायर, आणि अर्थिंग रंग खरवडून चॅसिसला. इंजिन चालू असताना पंपाच्या टर्मिनलवर मोजा, बॅटरीपेक्षा अर्ध्या व्होल्टहून जास्त घट नको. रिले ईसीयूच्या ताब्यात द्या: चावी फिरवल्यावर दोन सेकंद, मग इंजिन फिरत असेल तरच. जोडीला धडक बसताच पंप बंद करणारा इनर्शिया स्विच. धडकेनंतर पंप चालू राहिला तर तीन बारने पेट्रोल रस्त्यावर येतं.

सरळ_हिशोब:
तपासणी दोन्ही पद्धतींना एकच. रेलवर गेज लावा. रेग्युलेटरची व्हॅक्यूम नळी काढून तीन बार, लावल्यावर आयडलिंगला साधारण अडीच. पंप बंद केल्यावर काटा लगेच खाली आला तर रिटर्नची नळी चिमटा: काटा टिकला तर रेग्युलेटर, नाही टिकला तर पंपाचा चेक व्हॉल्व्ह किंवा गळका इंजेक्टर. तीनऐवजी अडीच बार मिळालं तर इंजेक्टर नऊ टक्के कमी पेट्रोल देतो. लॅम्डा सेन्सर (धुरातला ऑक्सिजन मोजणारा) आयडलिंगला ते भरून काढतो, फुल थ्रॉटलला नाही, तिथेच पिस्टन जळतात.

जुनी_चाकं:
होज, रिले आणि गेजबद्दल वाद नाही. नवी टाकी बनवणाऱ्याने वेल्डनंतर ०.२ बार हवा भरून साबणाचं पाणी लावून दाखवलं तर पाना_बारांची पद्धत मलाही चालेल. मूळ टाकीच ठेवायची असेल त्याने भांडं बाहेरच लावावं, पण डिकीत नाही, गाडीखाली, सायलेन्सरच्या विरुद्ध बाजूला. इंजिन बदलाची नोंद आरसीवर करून घ्या, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली परवानगी आधी लागते.

पाना_बारा:
गाडीखाली लावलं तर मुंबईच्या पावसाळ्यात दुसऱ्या पंपाचे टर्मिनल किती टिकतील ते सांगा. तिथे रबरी बूट आणि ग्रीस नसेल तर माझा विरोध कायम.