आयरिश समाजवादी रिपब्लिकन म्हणजे फक्त हार-फुलं आणि फाटाफूट? (एका पोस्टला उत्तर, जरा लांब आहे)

लिफीकाठचा_सदू (धागाकर्ता)
परवा आयर्लंडमधल्या आपल्या मराठी ग्रुपवर एका महाशयांनी पोस्ट टाकली. सार असं: कॉनलीपासून (१९१६ च्या उठावानंतर ब्रिटिशांनी गोळ्या घातलेला कामगार पुढारी) आजपर्यंत आयर्लंडच्या समाजवादी रिपब्लिकनांनी (ब्रिटनपासून तोडलेलं एकसंध आयरिश प्रजासत्ताक हवं, आणि तेही कामगारांचं, असं म्हणणारे) काहीही जिंकलेलं नाही, दर दहा वर्षांनी फुटायचं आणि दर मे महिन्यात कॉनलीला हार घालायचा एवढाच यांचा कार्यक्रम, सबब आपल्या लोकांनी त्यांची पत्रकं सरळ रद्दीत टाकावीत. खाली कमेंट बंद. म्हणून इथे लिहितोय.

१९१३ चा लॉकआउट हरले, हो. ट्राम कंपनीच्या मालकाने, मर्फीने, डब्लिनच्या मालकांना एकत्र आणलं, वीसेक हजार कामगार कामाबाहेर, पोरंबाळं उपाशी, आणि १९१४ च्या सुरुवातीला लोक मुकाट कामावर गेले. पण कामगार पुढारी लार्किनची जी युनियन मोडायला हे सगळं केलं ती मोडली का? १९२० पर्यंत तिचे सभासद लाखाच्या वर गेले होते. हरणं आणि संपणं यात फरक असतो हे कळायला इतिहासाची पदवी लागत नाही.

आणि जुनं नको असेल तर पाणीपट्टी घ्या. २०१५ पासून एकट्या माणसाला वर्षाला १६० युरो, घरात दोन किंवा जास्त मोठी माणसं असतील तर २६०. लोकांनी मीटर बसवू दिले नाहीत, बिलं भरली नाहीत, गल्लोगल्ली मीटिंगा घेतल्या. २०१६ ला वसुली थांबली, २०१७ ला पट्टीच रद्द, भरलेल्यांना पैसे परत. पोस्ट लिहिणाऱ्यांनाही आले असतील, त्यांनी ते 'काहीच न जिंकणाऱ्यांना' परत केले का, एवढंच विचारायचंय.

कॉर्कवाला_काका
सदूभाऊ, पाणीपट्टीचं श्रेय लाटू नका. ती लढाई मुख्यतः युनियन, ट्रॉट्स्कीवाले आणि कुठल्याच पक्षात नसलेल्या गल्लीतल्या बायका यांनी लढली. ऑक्टोबर २०१४ ची डब्लिन साउथ-वेस्टची पोटनिवडणूक आठवा. शिन फेनची (सगळ्यात मोठा रिपब्लिकन पक्ष) सीट म्हणून सगळे धरून चालले होते, पण पट्टी भरू नका असं सांगायला त्यांची जीभ रेटेना, त्यांचे अध्यक्ष अॅडम्स म्हणाले मी माझं बिल भरणार. तिथे पॉल मर्फी निवडून आला, तो ट्रॉट्स्कीवाला, रिपब्लिकन नाही. मग शिन फेनला जाग आली.

एरिगीची (छोटा समाजवादी रिपब्लिकन गट) पोरं मीटरच्या खड्ड्यात उभी होती, तेवढं मान्य, पण निवडणुकीत ती कुठे दिसली हो?

लिफीकाठचा_सदू
काका, म्हणजे शिन फेन चुकली म्हणून समाजवादी रिपब्लिकन चुकले? शिन फेनला समाजवादी कोण म्हणतंय? २०२० ला साडेचोवीस टक्के मतं, ३७ सीटा, कारण घरभाडं घरभाडं म्हणत दारोदार फिरले. मग कंपन्यांना भेटून 'घाबरू नका' सांगायला लागले, आणि २०२४ च्या लोकल इलेक्शनला बारा टक्केही नाहीत. माझा मुद्दाच तो आहे. भाकरीचं बोलता तेव्हा जिंकता.

लगानकाठची
मी बेलफास्टला नर्स आहे, बरीच वर्षं झाली. सदू यांचं सगळं डब्लिनच्या खिडकीतून आहे.

भाकरीचं बोललं की जिंकतो म्हणे. ऑक्टोबर १९३२, बेलफास्ट, बेकारांच्या तुटपुंज्या मदतीवरून कॅथलिक फॉल्स आणि प्रोटेस्टंट शँकिल दोन्हीकडचे लोक एकत्र रस्त्यावर आले, आणि मदतीचे दर वाढवून घेतले. बरं मग? १९३४ ला शँकिलचे प्रोटेस्टंट कामगार कॉनलीचा बॅनर घेऊन बोडन्सटाउनला रिपब्लिकनांचा मूळपुरुष वुल्फ टोनच्या समाधीवर आले, तर त्यांच्यावर धावून कोण गेलं? आयआरएवालेच, म्हणजे रिपब्लिकनांची सशस्त्र संघटनाच! त्याच वर्षी सप्टेंबरला रिपब्लिकन काँग्रेस (डाव्या रिपब्लिकनांची आघाडी) डब्लिनच्या रॅथमाइन्समध्ये फुटली, कशावरून, तर 'कामगारांचं प्रजासत्ताक' म्हणायचं की नुसतं 'प्रजासत्ताक'.

आणि १९७४ ला कॉस्टेलोने काढलेला समाजवादी रिपब्लिकन पक्ष? म्हणे राष्ट्राचा आणि वर्गाचा लढा एकच. शेजारी त्याचीच बंदूकवाली संघटना, आयएनएलए. १९७७ ला कॉस्टेलोलाच डब्लिनमध्ये गोळ्या घातल्या, आणि १९८७ ला आयएनएलएवाले आपापसातच मारामाऱ्या करून मेले. माझ्या वॉर्डमध्ये एक म्हातारी सहकारी होती, तिचा भाऊ त्या काळात गेला, कोणाच्या गोळीने ते तिने मला कधी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. तुम्ही चळवळ म्हणता तेव्हा मला ती आठवते, सॉरी.

लिफीकाठचा_सदू
ताई, बंदुकीचं समर्थन मी कुठे केलं? १९८१ च्या तुरुंगातल्या रिपब्लिकन कैद्यांच्या उपोषणात मेलेल्या दहांपैकी तीन आयएनएलएचे होते, हे न सांगता फक्त भाऊबंदकी सांगायची, हाही अर्धाच इतिहास.

लगानकाठची
उपोषण मला माहितेय. इथल्या भिंतींवर रोज बघते.

टालाकर
तुमचं १९३२, १९३४ चालू द्या. मी डब्लिनच्या टाला उपनगरात राहतो. मला एकच सांगा, माझ्या दारावर कोण येतं? २०२४ च्या लोकल इलेक्शनला शेजारच्या दोन्ही घरी पत्रकं, गप्पा, हात मिळवणं. माझ्या दारात येऊन नेमप्लेट बघितली आणि पुढे. डावे, उजवे, हिरवे, लाल, सगळे सारखेच. इथे राहणाऱ्या कोणालाही, नागरिकत्व असो नसो, लोकलमध्ये मत देता येतं हे त्यांना माहीत नसतं काय? मत होतं माझं! नाव नोंदवलेलं!

आणि जुलै २०२५ ला याच टालामध्ये आपल्या माणसाला मारलं, कपडे फाडले. ऑगस्टमध्ये आपल्या एम्बसीने सांभाळून राहा म्हणून पत्रक काढलं, फिनिक्स पार्कचा इंडिया डे पुढे ढकलला. बायको अजून संध्याकाळी बस न घेता टॅक्सी करते. तेव्हा कुठे होते कॉनलीचे वारस?

साधा_वाचक
टालाकर, रस्त्यावर होते. वंशवादविरोधी मोर्च्यांमध्ये नांगर-तारेवाला झेंडा असतो, तो कॉनलीवाल्यांचाच ना? आपल्यातले किती गेले त्या मोर्च्यांना, ते विचारा आधी. आपले लोक ग्रुपवर 'स्किल्ड आणि अनस्किल्ड मायग्रंट वेगळे' असे निबंध लिहीत होते.

टालाकर
मोर्चा शहराच्या मध्यात असतो हो, मार टालामध्ये पडतो.

कॉर्कवाला_काका
+१ टालाकर. 'आयर्लंड भरलंय, स्थलांतरित नकोत' म्हणणारे आयरिश तिरंगा घेऊनच फिरतात, रिपब्लिकनांचाच तिरंगा. शंभर वर्षं राष्ट्र राष्ट्र केलं की शेवटी हेच उगवणार.

लिफीकाठचा_सदू
काका, हे अति झालं. कॉनली स्वतः एडिनबराच्या झोपडपट्टीत आयरिश स्थलांतरितांच्या घरी जन्मलेला, पुढे सात वर्षं अमेरिकेत पोट भरलेलं. आणि दारावर कोण येतं विचारताय ना? १९०२ ला डब्लिनच्या वुड की वॉर्डातून तो महापालिकेला उभा होता तेव्हा तिथल्या ज्यू स्थलांतरितांसाठी यिद्दिशमध्ये पत्रक काढलेलं. एकशे वीस वर्षांपूर्वी!

टालाकर
निवडून आला?

लिफीकाठचा_सदू
नाही.

टालाकर
बरं. तरी दार वाजवलं म्हणायचं. आजच्यांना तेवढंही जमत नाही, मराठीत नको, इंग्रजीत बोला, पण बोला तरी. २०२९ ला परत लोकल आहे, बघू कोण येतंय.

पुण्याहून_अभ्या
मी बाहेरचा, पण एक राहिलं. आपल्या टिळकांनी आयरिश चळवळीतूनच होमरूल (साम्राज्यात राहून स्वराज्य) घेतलं. लीग काढली एप्रिल १९१६ मध्ये बेळगावला, त्याच महिन्यात डब्लिनचा ब्रिटिशांविरुद्धचा ईस्टर उठाव! म्हणजे टिळक आणि कॉनली एकाच वाटेवरचे.

लगानकाठची
अभ्या, उलटं आहे. होमरूल ही आयरिश खासदारांचा नेता रेडमंडची, सनदशीर लोकांची मागणी. कॉनली त्या लोकांना शिव्या घालायचा, आणि उत्तर तोडून होमरूल दिलं तर दोन्हीकडे प्रतिगाम्यांची जत्रा भरेल असं त्याने १९१४ लाच लिहून ठेवलं होतं. यात मात्र तो खरा ठरला, सदूंना आनंद होईल.

लिफीकाठचा_सदू
झाला. सहा तासांनी एक मुद्दा मिळाला.

पुण्याहून_अभ्या
ठीक आहे, पण तारखा तर जुळतात ना.

साधा_वाचक
तारखांवरून वाट ठरत असती तर काय!! असो. मूळ प्रश्नाकडे या कोणीतरी. मला काकांचं पटत नाही की सगळं राष्ट्रवादामुळे बिघडलं. लेबर पक्षाने राष्ट्रवाद कधीच बाजूला ठेवला होता, २०११ ला ३७ सीटा, सरकारात जाऊन पाणीपट्टी लावली, २०१६ ला ७. तेव्हा झेंडा नसला की कामगाराचं भलं होतं, हेही काही सिद्ध होत नाही.

कॉर्कवाला_काका
लेबरला मी कधी चांगलं म्हटलं? १९१८ च्या निवडणुकीत ते उभेच राहिले नाहीत, शिन फेनला मैदान मोकळं दिलं, तेव्हापासून मागच्या बाकावर बसलेत ते बसलेतच. पण बघा, हीसुद्धा झेंड्यापायीच घातलेली माती. माझा मुद्दा तिथेच आहे.

लगानकाठची
दोघांना दोन वाक्यं देते आणि ड्युटीवर जाते. काका, झेंड्याशिवाय बेलफास्टमध्ये रस्ता ओलांडता येत नाही, तो काढून टाका म्हणणं कॉर्कमध्ये बसून सोपं. सदू, १९३२ चे लोक एकत्र आले तेव्हा त्यांना कोणी आधी संयुक्त आयर्लंड मान्य करायला लावलं नव्हतं, ते तुमच्या पक्षवाल्यांना कळवा.

लिफीकाठचा_सदू
माझा कुठलाही पक्ष नाही.

कॉर्कवाला_काका
पक्षवाल्यांचंही तेच म्हणणं असतं, फूट पडायच्या आदल्या दिवशी.

टालाकर
कोणी मतदार यादीत नाव कसं घालायचं ते इथे लिहील का? ग्रुपवरच्या निम्म्या लोकांना अजून वाटतं की पासपोर्ट लागतो. आणि सदू, ते पोस्टवाले महाशय माझे शेजारी आहेत, त्यांच्या दारावर पत्रक आलं होतं.