फिटरच्या सरांचा निरोप: शाल-श्रीफळ सोडून काय करता येईल?

उद्यमबाग_जॉबवर्क

नमस्कार मंडळी. आमचे आयटीआयचे फिटर ट्रेडचे सर साठ पूर्ण करून रिटायर होतायत. दसरा झाला की त्या महिनाअखेरीला शेवटचा दिवस. बेळगावच्या कारखान्यांच्या भागात, उद्यमबाग, मच्छे, होनगा, कुठल्याही शेडात शिरा, त्यांच्या हाताखालनं गेलेला एक तरी माणूस भेटतोयच. ग्रुपवर ठरलंय ते नेहमीचंच: हॉल, फेटा, शाल, चांदीचा मोमेंटो, जेवण. माझं मन काही त्यात रमेना.

सर कसे ते सांगतो, म्हणजे सुचवायला सोपं जाईल. पहिल्या वर्षी लोखंडाचा एक तुकडा हातात द्यायचे. एक बाजू सपाट कर, मग तिच्या आधारानं दुसरी काटकोनात. महिनाभर कानसच. जॉब नेला की खिडकीकडं तोंड करून गुण्या, म्हणजे काटकोन तपासायचं हत्यार, लावायचे. गुण्या आणि जॉबच्या मधनं उजेडाची केसाएवढी रेघ दिसली की जॉब परत आपल्या हातात. शब्द नाही. पुन्हा नेला आणि रेघ तशीच असली तर कन्नडमध्ये ‘सरि माडु’, म्हणजे ‘नीट कर’, संपलं. खानापूरच्या पोरांशी मराठी, बैलहोंगलच्या पोरांशी कन्नड, आणि चिडले की दोघांनाही उलट भाषेत!

मूठ नसलेली कानस कुणाच्या हातात दिसली तर मात्र अख्ख्या वर्कशॉपला ऐकू जाईल असा आवाज, कारण कानशीची टँग, म्हणजे मुठीत बसणारं टोकदार टोक, तळहातात घुसते. ॲल्युमिनियम घासताना दातांत कीस अडकू नये म्हणून आधी कानशीवर खडू फिरवायला लावायचे. आणि व्हर्नियर हातात द्यायच्या आधी माप डोळ्यानं सांगायचं. ०.०२ मिमी वाचणारं हत्यार समोर पडलेलं असायचं आणि आम्ही आपले अंदाज सांगत उभे.

आता अशा माणसाला चांदीचा मोमेंटो दिला तर तो शोकेसमध्ये जाणार. कुणाला काही वेगळं सुचतंय का?

हलकर्णीचा_पाहुणा

दादा, वेगळं करा, पण हॉल रद्द करू नका. आमच्या वडिलांच्या निरोपाला आईनं पहिल्यांदा बघितलं की ह्यांना एवढी माणसं ओळखतात. सरांच्या घरच्यांनी पण तो भरलेला हॉल बघायला नको का? तुम्हाला शाल आवडत नाही म्हणून काकूंच्या ओटीला का कात्री?

मच्छे_मोल्डर

आमच्या फौंड्रीत बिडाची पाटी ओतून देतो. सरांचं नाव, ट्रेड, नोकरीची सालं. मशिनिंग तुम्ही करा. खर्च माझा.

उद्यमबाग_जॉबवर्क

@मच्छे_मोल्डर अण्णा, मनापासून आभार. पण सर पाटी पहिल्यांदा उलटी करून ब्लोहोल, म्हणजे ओतताना राहिलेली हवेची भोकं, शोधतील, मग नाव वाचतील. हॉलचं मात्र पटलं. जेवण ठेवू.

दोन_वर्षांपूर्वीची_बॅच

मी सगळ्यात लहान असेन इथे, तरी सांगतो. दादा, तुम्ही अलीकडं वर्कशॉपमध्ये गेलाय का? बाकांवरचे व्हाइस, म्हणजे जॉब आवळून धरायचे शिकंजे, बघा. जबड्याच्या प्लेटी गुळगुळीत झाल्यात, जॉब धरला की सरकतो. हँडल फिरवलं की अर्धा फेरा नुसता रिकामा, मग कुठं जबडा हलतो. सर दर शनिवारी एकेक खोलून, पुसून, ग्रीस लावून परत बसवतात. पितळी पत्र्याच्या पट्ट्या कापून जबड्यात घातल्यात. नवीन शेडात सीएनसी आहे, सर ते पण शिकले आणि आम्हाला शिकवलं. पण पहिलं वर्ष अजून त्याच व्हाइसवर जातंय. ते सगळे दुरुस्त करून दिले तर?

उद्यमबाग_जॉबवर्क

अरे, हेच पाहिजे होतं! हे आपलंच काम आहे की. मोमेंटोचे पैसे इकडे वळवतो.

पेन्शनर_स्टोअरकीपर

कल्पना चांगली, पण एक बाब ध्यानात ठेवा. मी सरकारी स्टोअर सांभाळलाय. ते व्हाइस डेड स्टॉक रजिस्टरला, म्हणजे कायमच्या सामानाच्या नोंदवहीला, चढलेले असतात. टेम्पोत घालून उद्यमबागेत नेले आणि कुणी विचारलं तर सर अडचणीत येतील, तेही शेवटच्या महिन्यात. प्राचार्यांना माजी विद्यार्थ्यांतर्फे अर्ज द्या आणि लेखी परवानगी घ्या. शक्यतो व्हाइस बाहेर न्यायचेच नाहीत. माप घेऊन या, पार्ट बाहेर बनवा, आत नेऊन बसवा. पार्ट देणगी म्हणून लिहून द्या, पोच घ्या. नेणं भागच पडलं तर गेटपासवर एकेकाचा नंबर लिहून.

मच्छे_मोल्डर

बॉक्स नट, म्हणजे व्हाइसच्या आत स्पिंडल ज्यात फिरतो तो नट, मी ओततो, ग्रे आयर्नमध्ये (बिडात). एक जुना नट पॅटर्नसाठी, म्हणजे साच्याच्या नमुन्यासाठी, द्या. ओतीव थंड होताना आकसतं त्याचा आणि मशिनिंगचा अलाउन्स वर धरावा लागेल. पण नुसता नट बदलून भागणार नाही. स्पिंडलचा, म्हणजे हँडलनं फिरणाऱ्या स्क्रूचा, चौकोनी आटा पण झिजलेला असणार. नवीन नट आणि जुना स्पिंडल, लूज तसाच राहील. जिथं दोन्ही गेलंय तिथं दोन्ही करा.

उद्यमबाग_जॉबवर्क

बरोबर बोललात अण्णा. काल जाऊन आलो. सरांना म्हटलं, सहज आलोय. खिशात कॅलिपर बघून त्यांनी काय ओळखायचं ते ओळखलं असणार. व्हाइस १२५ आणि १५० मिमी, दोन साइझचे आहेत. जबड्याच्या प्लेटी सगळ्याच बदलायच्या. ईएन-८ पोलादाच्या करतो, दात मिलिंगवर पाडतो. भोकं, काउंटरसिंक (स्क्रूचं डोकं बसायची खोलगट जागा), दात, सगळं आधी, हार्डनिंग शेवटी. हे मी पोरांना दोनदा सांगणार आहे, कारण कडक झालेल्या प्लेटीत भोक पाडायला बसलेला माणूस मी बघितलाय.

प्राचार्यांनी अर्ज ठेवून घेतलाय, परवानगी सोमवारी देतो म्हणाले. बसवायचं काम खंडेनवमीच्या आधी उरकायचं, म्हणजे पूजेला वर्कशॉपमध्ये नवे जबडे. सरांपासून लपवायचा विचार सोडून दिलाय. ते शेजारी उभे राहणारच, आणि एखादी प्लेट वाकडी बसली तर परत काढायला लावणारच. हॉलवरचं जेवण महिनाअखेरच्या रविवारी, काकूंना माझी बायको जाऊन बोलावून येईल.

आता अडलंय ते एवढंच: स्पिंडलचा चौकोनी आटा नीट कापणारा लेथवाला पाहिजे, आणि नटात आतनं कापणारा तर त्याहून पक्का. माझ्याकडचा पोरगा व्ही आटा सुरेख कापतो, चौकोनीला अजून हात बसलेला नाही. होनग्याकडं कुणी आहे का? मजुरी देतो, फुकट नको.

होनगा_टर्नर

मी आहे. सरांचा नाही, टर्नरचा. पण दोन्ही वर्कशॉप एकाच व्हरांड्यात, त्यांच्या शिव्या मी पण खाल्ल्यात. एक जुना स्पिंडल आणि नट पाठवा, पिच, म्हणजे आट्यांमधलं अंतर, मोजून सांगतो. मजुरीचं नंतर बघू.